मनातलं विचारा : रागावलं तरच पोरगा सुधारतो का?

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. टेस्टला चांगले मार्क्स आले की आम्ही कौतुक करतो आणि पुढच्याच टेस्टला तो घसरतो. कमी आले की त्याचे बाबा चांगलंच झापतात आणि पुढच्या वेळी मार्क्स हमखास वाढतात. ह्यांचं म्हणणं, कौतुकाने पोरं शेफारतात. मला पटत नाही, पण मार्क्स समोर ठेवले की माझी बोलती बंद होते. – एक आई, सांगली

उत्तर : ताई, तुमच्या मिस्टरांनी जे बघितलंय ते खरंच घडलंय, म्हणून तर त्यांना समजावणं अवघड जातंय. चुकतंय ते त्यामागचं कारण. समजा मुलाची आत्ताची तयारी साधारण ७० मार्कांची आहे. एखाद्या पेपरला नेमका आवडीचा धडा आला, झोप चांगली झाली होती, दोन अंदाजाने लिहिलेली उत्तरं बरोबर निघाली, की पडले ८४. दुसऱ्या वेळी सर्दी, एक प्रश्न वाचताना गडबड, तपासणारे सर जरा कडक, झाले ५८. आता ८४ च्या नंतरचा पेपर कसा जाईल? इतक्या सगळ्या गोष्टी पुन्हा एकदम जुळून येणं अवघड, म्हणून बहुतेक वेळा खालीच, ७० च्या आसपास. आणि ५८ नंतर? वर. घरात कोणी चकार शब्द काढला नसता तरी असंच झालं असतं. पण आपण बोलतो कधी तर नेमकं ८४ ला आणि ५८ ला, ७० ला कोण बोलतंय, त्यामुळे नंतर जे काही होतं ते सगळं आपल्या बोलण्याच्या खात्यात जमा होतं.

ही गफलत फार हुशार माणसांचीही होते. डॅनियल काहनेमन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, २००२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले. ते इस्रायलच्या हवाई दलातल्या फ्लाइट इन्स्ट्रक्टर लोकांना शिकवत होते की शिक्षेपेक्षा कौतुकाने माणूस जास्त चांगलं शिकतो, तर एक अनुभवी इन्स्ट्रक्टर म्हणाला की आमच्याकडे उलटं आहे, चांगली कसरत केली म्हणून शाबासकी दिली की पोरगा पुढच्या वेळी खराब करतो, आणि ओरडलं की सुधारतो. काहनेमनना तिथल्या तिथे लक्षात आलं काय चाललंय ते. त्यांनी सगळ्यांना पाठमोरं उभं करून मागच्या निशाण्यावर न बघता दोनदा नाणी फेकायला लावली. पहिल्या फेरीत ज्यांचं नाणं जवळ पडलं त्यातल्या बहुतेकांचं दुसऱ्यांदा लांब पडलं, ज्यांचं लांब पडलं होतं त्यांचं जवळ आलं. आणि इथे ना कोणी कौतुक केलं ना कोणी ओरडलं. संख्याशास्त्रात हे फार जुनं आहे, १८८६ मध्ये फ्रान्सिस गाल्टन या इंग्लिश शास्त्रज्ञाने आईवडील आणि मुलांच्या उंचीत हेच दाखवलं होतं, खूप उंच आईबापांची मुलं उंच असतात खरी पण सरासरी त्यांच्याइतकी नाही, थोडी मधल्या उंचीकडे सरकलेली.

काहनेमननी यातून जे पुढचं काढलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ओरडणाऱ्याला बहुतेक वेळा बक्षीस मिळतं, कारण नंतर सुधारणा दिसते, आणि कौतुक करणाऱ्याच्या पदरी निराशा येते. म्हणजे कोणाच्याही मनात वाईट नसताना घराघरात ओरडण्याची सवय पक्की होत जाते, आणि त्यात पोरगा भरडला जातो.

गुडघेदुखीच्या तेलाचंही असंच आहे बघा. आपण तेल आणतो कधी, तर दुखणं अगदी असह्य झाल्यावर, आणि असह्य दुखणं बऱ्याचदा चार-आठ दिवसांत जरा उतरतंच, मग गुण येतो तो तेलाला. म्हणूनच औषधाची चाचणी घेताना खरं औषध न दिलेला दुसरा गट ठेवतात, औषधाशिवाय आपोआप किती बरं वाटतं ते कळायला.

मिस्टरांशी वाद घालू नका. एक वही करा, वर्षभराचे सगळ्या टेस्टचे मार्क्स ओळीने लिहा आणि दोघांनी मिळून बघा की एकूण पट्टी वर चाललीये की खाली. पुढच्या वेळी मार्क्स पडले तर ओरडायचं नाही एवढं एकदा ठरवून बघा (एका वेळेवरून काही सिद्ध होणार नाही, दोन-तीन वेळा तरी हवं). आणि कौतुक मार्कांचं करण्यापेक्षा त्याने काय वेगळं केलं त्याचं करा, गणिताच्या पायऱ्या पूर्ण लिहिल्या का, चुकलेलं पुन्हा सोडवलं का. ते त्याच्या हातात आहे, पेपर सोपा येणं नाही.

प्रश्न : मी पुण्यात पेठेत राहून एमपीएससी करतोय, पाच वर्षं झाली. एकदा मेन्सपर्यंत गेलो. वडिलांनी शेतीवर कर्ज काढलंय. आता सोडलं तर पाच वर्षं आणि सगळे पैसे वाया जातील म्हणून सोडवत नाही. झोप लागत नाही. – एक विद्यार्थी, मूळ गाव लातूर जिल्ह्यात

उत्तर : मित्रा, तुझं वाक्य पुन्हा वाच. परीक्षा निघेल असं वाटतंय म्हणून थांबलोय असं तू कुठेच लिहिलेलं नाहीस, तू लिहिलंयस की सोडलं तर मागचं वाया जाईल. पण ती पाच वर्षं खर्च झालेली आहेत, तू राहिलास तरी आणि निघालास तरी. ती परत आणण्याचा पर्याय दोन्हीकडे नाहीये, मग निर्णयात त्यांना मत का द्यायचं?

असं सगळ्यांचंच होतं. अमेरिकेत आर्क्स आणि ब्लूमर या दोन संशोधकांनी ओहायोतल्या एका युनिव्हर्सिटीच्या थिएटरवर एक प्रयोग केला, तो १९८५ मध्ये छापून आला. सीझन तिकीट घ्यायला आलेल्यांपैकी काहींना पूर्ण किमतीला आणि काहींना अचानक सवलत देऊन तिकीट दिलं. कोणाला सवलत द्यायची ते आधीच चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. सीझनच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे भरलेले लोक जास्त नाटकांना आले. नाटकं तीच, आवड सारखीच, फक्त गेलेले पैसे जास्त. आपल्याकडे तर पैशासोबत बापाचं कर्ज आणि गावातले लोक काय म्हणतील हेही असतं, म्हणजे ओढ कितीतरी पट.

म्हणून प्रश्न बदल. समजा आज तुझं आत्ताचं वय, आत्ताची तयारी, घरची आत्ताची परिस्थिती हे सगळं असंच आहे, पण मागे काहीच खर्च झालेलं नाही, तर उद्यापासून तू ही परीक्षा निवडशील? २०२५ पासून राज्यसेवेची मेन्स वर्णनात्मक झालीये, तू एमसीक्यूच्या, म्हणजे पर्याय निवडायच्या प्रश्नांच्या काळात मेन्सला पोचला होतास, म्हणजे तो जुना अनुभव किती उपयोगी पडेल हेही प्रामाणिकपणे बघ. उत्तर हो आलं तर बिनधास्त कर, पण अमुक एका अटेम्प्टपर्यंतच असं कागदावर लिहून वडिलांना दाखव, निकाल लागायच्या आधी, कारण निकालानंतर दोन मार्कांनी गेलं असं म्हणत मन पुन्हा ओढणारच. आणि पाच वर्षांत जे शिकलास, राज्यघटना, अर्थशास्त्र, तासन्‌तास बसून वाचायची सवय, ते कुठे जात नाही, दुसऱ्या कामातही ते तुझंच असतं.

एक गोष्ट मात्र आधी. झोप लागत नाही हे तू शेवटी तीन शब्दांत उरकलंयस, मी ते हलकं घेत नाहीये. मानसिक त्रासासाठी टेली-मानस या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. निर्णय आठ दिवस थांबू शकतो, हा फोन आजच कर.

प्रश्न : जाऊबाई माझे मेसेज बघतात, निळी टिक येते, पण उत्तर देत नाहीत. मुद्दाम करतात हे उघड आहे ना? – एक वाचक, ठाणे

उत्तर : उघड नाहीये. १९६७ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात जोन्स आणि हॅरिस या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना क्यूबाचे तेव्हाचे नेते फिडेल कॅस्ट्रो यांच्याबद्दलचे निबंध वाचायला दिले होते, काही बाजूने, काही विरोधात. लिहिणाऱ्याला कुठली बाजू घ्यायची ते सक्तीने ठरवून दिलं होतं असं स्पष्ट सांगितलं, तरीही वाचणाऱ्यांना वाटत राहिलं की जे लिहिलंय तेच थोडंफार त्याचं खरं मत असणार. दुसऱ्याचं वागणं दिसलं की आपण सरळ स्वभावावर जातो, परिस्थिती दिसतच नाही. तुम्ही स्वतः किती मेसेज कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता बघून ठेवून देता आणि नंतर राहून जातात? तेव्हा तुम्ही स्वतःला मुद्दाम करणारी म्हणत नाही, कारण तुमची धावपळ तुम्हाला माहीत असते. जाऊबाई बाकीच्यांनाही असंच उत्तर देत नाहीत का, ते सासूबाईंना सहज विचारा. आणि त्या खरंच फक्त तुम्हालाच टाळत असतील तर तेही शक्य आहे, पण ते टिकवरून कळायचं नाही, समोर बसून विचारावं लागेल.