वॉल्ट्झपासून सुरुवात करा, पण तिथेच अडकू नका

आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचे सिद्धांत नव्यानं वाचायला घेतले असतील, तर आधी अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ केनेथ वॉल्ट्झ. १९७९च्या त्यांच्या पुस्तकातला मुद्दा तसा सुटसुटीत आहे: राष्ट्रांच्या वर कोणतीही सत्ता नाही (यालाच ते 'अराजक' म्हणतात), त्यामुळे ज्यानं त्यानं आपलं रक्षण आपणच करायचं, आणि बड्या सत्ता किती, यावर व्यवस्थेचं वळण ठरतं. दोनच बड्या सत्ता असलेली व्यवस्था त्यांना जास्त स्थिर वाटायची.

इथे नवखे हमखास गल्लत करतात. अमुक देश उद्या काय करेल, हे हा सिद्धांत सांगत नाही. आपला सिद्धांत परराष्ट्र धोरणाचा नाही, असं वॉल्ट्झ स्वतःच बजावतात. तेव्हा रोजच्या बातम्या लावून त्याची परीक्षा घेऊ नका.

खरी अडचण बदलाची. १९९१मध्ये सोव्हिएत संघ महायुद्धाशिवायच फुटला आणि नुसती सत्तांची मोजदाद करणाऱ्यांची पंचाईत झाली. म्हणून लगेच रॉबर्ट गिल्पिनकडे (१९८१) वळा. सत्तांची वाढ असमान होते, वर्चस्व टिकवण्याचा खर्च चढत जातो आणि जुनी घडी नव्या बलाबलाशी जुळेनाशी होते. इतिहासात हा गुंता बहुतेकदा युद्धानं सुटला, असं ते म्हणतात.

समाजशास्त्रज्ञ इमॅन्युएल वॉलरस्टीन तर पटच बदलतात: सोळाव्या शतकापासूनची भांडवली जागतिक अर्थव्यवस्था, तिचं केंद्र (नफा खेचणारे श्रीमंत देश), परिघ (स्वस्त श्रम आणि कच्चा माल पुरवणारे) आणि अर्धपरिघ (या दोहोंच्या मधले). माझ्या मते अर्धपरिघ ही त्यांची सर्वांत कामाची कल्पना. वर चढणारे आणि खाली घसरणारे देश तिथेच भेटतात.

अलेक्झांडर वेंट त्यानंतर. अराजकाला राष्ट्रं जो अर्थ देतात तोच त्याचा अर्थ, हा त्यांचा १९९२चा दावा वॉल्ट्झ पचल्याशिवाय कळत नाही. जॉर्ज मॉडेल्स्कींची दीर्घचक्रं (जागतिक वर्चस्व ठरावीक काळानं एका सत्तेकडून दुसरीकडे जातं, ही मांडणी) सध्या बाजूला ठेवलीत तरी चालेल.