मडकं आधी उलटं करून बघ

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

संग्रहालयात नोंदणीसाठी चित्रकथीच्या, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या पोथ्या दुसऱ्यांना मिळाल्या आणि तुझ्या वाट्याला मातीची भांडी आली, म्हणून तू खट्टू आहेस. सगळी मडकी सारखीच दिसतात, असंही लिहिलं आहेस. समोरून दिसतातच. म्हणून भांडं आधी उलटं करायचं. बांगड्या काढून ठेव, एक हात बुडाखाली घे, दुसऱ्याने अंगाला आधार दे. काठाला किंवा कानाला धरून कधीच उचलू नकोस, जुना सांधा तिथेच निखळतो. सुती हातमोजे नकोत, त्यांतून भांडं निसटतं. मग बूड, पोटातली बाजू आणि काठाची झीज सावकाश बघ.

तुमच्या संग्रहात खानदेशातलं खापर असेलच. मांडे भाजताना ते चुलीवर पालथं घालतात. जाळ पोकळीत आणि मांडा पाठीवर, त्यामुळे काजळी आतून धरते. हे ठाऊक नसलेला माणूस ‘पसरट भांडे, आतून जळलेले’ असं लिहून मोकळा होतो आणि त्याच्यामागून येणारा ते घासून लख्ख करतो. मग त्या वस्तूत ठेवण्यासारखं उरलं काय? काजळी, तेलाचा डाग, सुगडावरचं हळदकुंकू यांतलं काही धुवायचं नाही. सुटी धूळ मऊ, कोरड्या ब्रशने काढ, बस. पोळ्याचे मातीचे बैल तर पुष्कळदा न भाजलेलेच असतात. ओला फडका लागला की आधी रंग जातो, मग बैल.

भांड्यावर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशीच असं धरून चालू नकोस. कमी आचेवर भाजलेली माती सच्छिद्र असते, ती वर्षानुवर्षं क्षार पीत राहते. हवेतला दमटपणा कमीजास्त झाला की ते क्षार पृष्ठभागाशी येऊन त्यांचे स्फटिक बनतात आणि पापुद्रे सुटतात. मिठाच्या आणि लोणच्याच्या मडक्यांवर खास लक्ष ठेव. संवर्धन प्रयोगशाळेला कळव, आणि तोवर ते कपाट खिडकीजवळ असेल तर हलवून घे.

नोंदणी क्रमांकासाठी चिकटपट्टी वापरू नकोस. बुडाजवळ, रंगकाम नसलेल्या जागी पॅरालॉइड बी-७२चा (पुढे काढता येणाऱ्या पारदर्शक रेझिनचा) पातळ हात, तो वाळल्यावर क्रमांक, वरून आणखी एक हात. कच्च्या मातीला तेही नको, दोऱ्याने चिठ्ठी बांध.

आता ‘कारागीर’ या रकान्याविषयी. तिथे घाईने ‘अज्ञात’ लिहिण्याची आपल्याकडे फार वाईट खोड आहे. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात जे. जे. कलाशाळेतली भांडी बघून ये. १८७०च्या दशकात जॉर्ज टेरी यांनी त्या कलाशाळेत कुंभारकाम सुरू करवलं. अजिंठ्याच्या नक्षीचे ते चकचकीत कुंभ दिमाखात मांडण्यासाठीच घडवलेले, त्यांच्यामागे कागदपत्रं आहेत. घरातल्या माठामागे कागद नसतो, पण माग असतो. मोठा माठ चाकावर पुरा होत नाही. तो जाड असतानाच उतरवतात, मग आतून दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत वाढवतात. आत हात घालून बघ, गोळ्याचे उथळ खळगे बोटांना लागतील. चाकाच्या रेघा बहुधा गळ्याशीच सापडतील. थापटणं म्हटल्यावर तेरच्या गोरोबाकाकांनी नामदेवांना कच्चं मडकं ठरवल्याची गोष्ट आठवली असेल. नादावरून पारख खरोखरच होते, पण संग्रहातल्या भांड्यावर तुझं थापटणं नको! बोटाच्या पेराने अलगद टिचकी मारलीस तरी तडा गेलेलं भांडं बद्द बोलतं.

फोटो घेऊन भांडं जिथून आलं त्या गावच्या कुंभारवाड्यात जा. आवा (भांडी भाजायची भट्टी) लावायच्या दिवशी जाऊ नकोस, कोणाला बोलायला सवड नसते. त्यांच्या वेळेचे पैसे द्यायला कार्यालयाकडून मंजुरी घे, फुकट माहिती मागू नये. चाकावर पुरुष बसलेला दिसतो, त्यामुळे माती चाळणारी, मळणारी, गेरूचा हात देणारी बाई नोंदीतून गळते. तिला वेगळं विचार. माती कुठल्या तळ्याची, त्यात लीद घालता की राख, हा काठ असाच का, विकायला कुठल्या बाजारात नेत होता. नाव सापडलं नाही तरी गाव, घराणं, बाजार एवढं लिहिता येतं. ‘अज्ञात’पेक्षा ते कितीतरी बरं.

आणखी एक. संग्रहालयात पोचतं ते न फुटलेलं. अंत्ययात्रेत नेलेलं मडकं दगडाने भोक पाडून शेवटी फोडायचंच असतं. कुंभाराकडून ते घराघरात जातं, पण तुमच्या कपाटात मिळणार नाही. नवरात्रातला घटही दसऱ्यानंतर सहसा कोणी जपून ठेवत नाही. तेव्हा कुंभारणीला विचारून, तिच्या हातून वर्षभरात काय काय जातं आणि तुमच्या कपाटात त्यातलं काय नाही, याची एक यादी कर. वरिष्ठ म्हणतील, नसलेल्या वस्तूंची यादी कशाला? त्यांच्याशी वाद घालू नकोस. ती वहीच्या मागच्या पानांवर ठेव आणि तिची एक प्रत मला पाठव.

तुझे,
सर