मराठी कवितेवर छोटा व्हिडिओ गेम करायचा तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की आवडत्या मराठी कवितेवर छोटासा गेम करायचा आहे, प्रोग्रॅमिंग जेमतेम येतं, तर सुरुवात कशी करू. मी बालकवींच्या 'औदुंबर'वर असा एक गेम केलाय. खेळायला पाच-सहा मिनिटं लागतात. करायला चार महिने लागले, नोकरी सांभाळून, रात्री जागून. त्यातले पहिले दोन महिने फुकट गेले. ते का गेले तेच आधी सांगतो, म्हणजे तुमचे वाचतील.

मी कवितेतल्या वस्तूंची यादी करून कामाला लागलो. झरा, चार घरांचं गाव, शेतमळे, पायवाट, डोह, झाड. मग डोक्यात नेहमीचंच आलं: वाटेत उंबरं पडलेली आहेत, ती वेचायची, दहा वेचली की पुढचा भाग उघडणार. सगळं व्यवस्थित चालत होतं. पण खेळताना माझी नजर सारखी वरच्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे जायची आणि झऱ्याकडे बघायला सवडच मिळायची नाही. ही कविता तर निवांत बघायची आहे! चित्रं कवितेची होती, खेळ मात्र कुठल्याही दुसऱ्या गेमचा.

म्हणून तुमची कविता घ्या, चार-पाच दिवस रोज मोठ्याने म्हणा आणि तिच्यात काय घडतं ते एका वाक्यात लिहा. 'औदुंबर' आठच ओळींची आहे. तिच्यात माणूस नाही, गोष्ट नाही. नजर तेवढी चालते. झऱ्यापासून निघते, पलीकडच्या टेकडीजवळचं गाव बघते, शेतमळ्यांवरून 'अडवीतिडवी' पायवाटेला लागते, आणि ती वाट नेते काळ्या डोहाकडे. तिथे पाण्यात पाय टाकून औदुंबर बसलाय, आणि चालणं संपतं. माझं वाक्य झालं, 'चालत जायचं आणि बसायचं.' खेळणाऱ्याच्या हातात ही दोनच कामं ठेवली. उड्या, गुण, हार-जीत सगळं काढून टाकलं.

एवढं ठरल्यावर बाकीचं बरंचसं कवितेनेच सांगितलं. रंग तर तिने ओळीने मांडूनच ठेवलेत: निळासावळा, हिरवा, पांढरा, पुन्हा हिरवा, मग काळा. दोन-दोन ओळींचा एक देखावा धरून मी चार देखावे केले आणि प्रत्येकात चालण्याचा वेग थोडा थोडा उतरवला. झऱ्याचा आवाज शेतं लागली की बारीक होत जातो आणि डोहापाशी पूर्ण थांबतो. डोह मी आधी ठार काळा रंगवला होता. तो भीतीदायक दिसायला लागला, पुढे भूत निघेल असा. पुन्हा कविता वाचली तर तिथे शब्द आहे 'गोड काळिमा'. मग त्या काळ्यात गर्द हिरवा आणि थोडा निळा मिसळला, कडेला जरा उजेड ठेवला. त्या एका 'गोड'साठी तीन रात्री गेल्या, पण तो जमला नसता तर बाकीच्या गेमला अर्थ नव्हता.

आता साधनं. प्रोग्रॅमिंग अगदीच नको असेल तर बिट्सी वापरा. ब्राउझरमध्येच चालतं, फुकट आहे. आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन रंगवायचे आणि तसे सोळा बाय सोळा चौकोन मांडून एक खोली करायची. एवढ्या कमी जागेत फाफटपसारा करताच येत नाही, ते कवितेसाठी चांगलंच. मराठी मजकूर मात्र तिथे नीट उमटत नाही, तेव्हा ओळी चित्र म्हणून रंगवाव्या लागतील. माझ्या कामाला गोडो आलं. ते गेम बनवायचं सॉफ्टवेअर, म्हणजे इंजिन, आणि तेही फुकट आहे.

मराठी मजकुराला जपा, कारण गेम करायला शिकवणाऱ्या इंग्रजी धड्यांमध्ये हे कुणी सांगत नाही. अक्षरांची जुळणी न कळणाऱ्या इंजिनात पहिली वेलांटी आपल्या अक्षराच्या पुढे जाऊन बसते आणि 'हिरवी' चक्क 'हरिवी' दिसतं. जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडतात. गोडोच्या चौथ्या आवृत्तीपासून, म्हणजे 2023 पासून, ही जुळणी बरोबर होते, जुनी तिसरी घेऊ नका. फॉन्टची फाइलही गेमच्या आतच ठेवा. माझ्या कॉम्प्युटरवर सगळं छान दिसत होतं आणि ब्राउझरमध्ये उघडल्यावर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन आले, कारण घरी गेम कॉम्प्युटरमधला फॉन्ट उसना घेत होता. मी 'टिरो देवनागरी मराठी' घातला. तो मोकळ्या परवान्याचा आहे आणि त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत.

ओळी पडद्यावर आणताना छंद सांभाळा. 'औदुंबर'ची ओळ सोळा मात्रांवर जराशी थांबते: 'ऐल तटावर पैल तटावर', आणि मग 'हिरवाळी घेऊन'. मी ओळ त्या जागी तोडून दोन तुकड्यांत दाखवतो, मधे पाच-सहा पावलं चालू देतो. ओळ एकदम टाकली की लोक वाचून मोकळे होतात आणि चालणं राहून जातं.

हक्कांचंही बघा. आपल्याकडे कवीच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क राहतात. बालकवी 1918 मध्ये, सत्तावीस वर्षांचे असताना, जळगावजवळच्या भादलीपाशी रेल्वेच्या अपघातात गेले, त्यामुळे त्यांची कविता केव्हाच सर्वांची झाली आहे. कुसुमाग्रज 1999 मध्ये गेले. त्यांच्या कवितेवर काही करायचं तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी आधी घ्या, मग रंग उघडा.

आणि शेवट कुणाला तरी खेळायला देऊन तपासा. माझ्या गेममध्ये डोहाच्या काठाशी वीस सेकंद एकही बटण दाबलं नाही, तर माणूस आपोआप पाण्यात पाय सोडून बसायचा. दहा वर्षांच्या भाचीला दिला. ती काठाशी पोचली, बाण दाबत राहिली आणि म्हणाली, "मामा, आता काय करू?" मी गप्प. आणखी थोडं दाबून पाहिलं आणि कंटाळून उठली. त्या रात्री मी वीसचे आठ सेकंद केले. दुसऱ्या दिवशी काठाशी आल्यावर तिने कानावरचे केस मागे सारायला हात उचलला, आणि तेवढ्यात तो बसला. "अगंबाई, बसला की!" म्हणाली. तिने हात तसाच मांडीवर ठेवला. मग शेवटची ओळ हळूहळू उमटली, आणि ती उमटून गेल्यावरही तिने बराच वेळ काही दाबलं नाही.