वाचकांचे प्रश्न : शिगोशीग भरलेला कंटेनर

प्रश्न : फोंडा तालुक्यातील आमच्या जुन्या चिरेबंदी घराची मागची पडवी पाडून नवे बांधकाम चालू आहे. राडारोड्यासाठी मागवलेला चार घनमीटरचा लोखंडी कंटेनर कामगारांनी काठाच्याही वर भरला, तेव्हा चालकाने तो उचलण्यास नकार दिला. आता माल उपसण्याची मजुरी वेगळी द्यावी लागणार आहे. हे कसे टाळावे?

उत्तर : चालकाने नकार दिला हे योग्यच झाले. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 नुसार जादा भारासाठी 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे 2,000 रुपये दंड आहे. माल वाहनाच्या बाजूने किंवा उंचीने मर्यादेबाहेर गेला, तरी 20,000 रुपये भरावे लागतात.

खरी अडचण उंचीपेक्षा वजनाची आहे. फुटके चिरे, गिलावा आणि काँक्रीट यांचा एक घनमीटर ढिगारा साधारण दीड टन भरतो. म्हणजे आपला कंटेनर नुसता काठापर्यंत भरला तरी सहा टनांच्या आसपास गेला, आणि पावसात उघडा राहिल्यास माती व चुना पाणी शोषून तो आणखी जड होतो. म्हणून मागवतानाच आत काय पडणार आहे हे पुरवठादाराला सांगून वजनाची मर्यादा विचारून घ्यावी, जड मालासाठी भराईची रेघ आतून रंगाने आखून घ्यावी आणि संध्याकाळी काम संपताच ताडपत्री बांधावी. ताडपत्रीमुळे शेजाऱ्यांच्या जुन्या गाद्याही आत येत नाहीत, हा वेगळा लाभ.

मुळात कंटेनरमध्ये जाणारा माल कमी करणे अधिक स्वस्त पडते. अखंड चिरे कुंपणाच्या गडग्याला लागतात, शाबूत मंगळुरी कौलांना गिऱ्हाईक मिळते, सळया भंगारवाला नेतो आणि वासे वेगळे रचून ठेवता येतात. एक खेप वाचवण्याच्या मोहापायी मालकच कामगारांना ‘अजून थोडे बसेल’ असे सांगतो, असे आमचे निरीक्षण आहे. तेव्हा कंटेनर पाऊण भरताच उचलण्यासाठी कळवण्याचे काम मुकादमाकडे द्यावे.

उपसलेला माल मात्र रस्त्याकडेला किंवा गटारात लोटू नये. तो आपल्याच आवारात ठेवावा किंवा संकलन केंद्रावर पोहोचवावा, ही जबाबदारी बांधकामाच्या कचऱ्याविषयी केंद्र सरकारच्या 2016 च्या नियमांनीच राडारोडा निर्माण करणाऱ्यावर टाकली होती. जवळचे केंद्र कोणते, हे आपल्या पंचायतीत विचारावे.