माशाच्या तेलाने यकृतावरची चरबी उतरते का?

प्रश्न : माझे यजमान ४६ वर्षांचे असून वजन ८२ किलो आहे. सोनोग्राफीत ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ असा शेरा आला आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २६० निघाले. मद्य ते घेत नाहीत. एका परिचितांच्या सांगण्यावरून तीन महिने माशाच्या तेलाची १००० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल रोज देते. तिचा उपयोग होईल का? आठवड्यातून दोनदा घरी मासे होतात, बहुधा तळूनच.
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : माशाच्या तेलाने यकृतातील चरबी काही अंशी कमी होते, पण एका कॅप्सूलने नाही, आणि नुसत्या कॅप्सूलने तर नाहीच. डबीमागची बारीक अक्षरे वाचून पाहा. १००० मिलिग्रॅम हे सगळ्या तेलाचे वजन झाले. त्यातली ओमेगा-३ मेदाम्ले दोन : इपीए बहुधा १८० आणि डीएचए १२०, म्हणजे कामाचा ऐवज ३०० मिलिग्रॅमच असतो. फॅटी लिव्हरच्या एका चाचणीत रोज चार ग्रॅम औषधी ओमेगा-३ दिले होते. तुमच्याकडच्या कॅप्सूलने तेवढी मात्रा गाठायची तर रोज सुमारे तेरा गिळाव्या लागतील.

हे तेल यकृतात साखरेपासून नवी चरबी तयार होण्याला आवर घालते आणि असलेली चरबी जाळण्याला चालना देते. ट्रायग्लिसराइड उतरते ते मुख्यतः यामुळे. मात्र यकृतात चरबी येते कुठून, हे पाहिले की या तेलाची मर्यादा कळते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फॅटी लिव्हरच्या रुग्णांच्या यकृतातील सुमारे ५९ टक्के चरबी शरीरातील साठ्यातून आलेली आढळली. यकृतात नव्याने बनलेली २६ टक्के आणि थेट आहारातली १५ टक्केच होती. मोठा ओघ अंगावर साठलेल्या चरबीचा असताना तेल एकट्याने किती पुरे पडणार? यकृताची सूज आणि त्यावरचे व्रण या तेलाने भरून येतात, असे चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही. वजन सात ते दहा टक्क्यांनी, म्हणजे यजमानांच्या बाबतीत पावणेसहा ते सव्वाआठ किलोंनी उतरले, तर सुजेतही सुधारणा दिसते.

कॅप्सूल मनाने वाढवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. मोठ्या मात्रेने काहींच्या हृदयाचे ठोके अनियमित होतात. कॉड माशाच्या यकृताचे तेल तर वेगळेच. त्यातले अ जीवनसत्त्व अति झाले तर यकृतालाच बाधते.

मासे मात्र जरूर खा. बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्याच्या बाजारात गेलात तर पापलेटाऐवजी बांगडा आणि तारली घ्या. ओमेगा-३ त्यांत भरपूर आणि भावही आवाक्यातला. रवा लावून तेलात सोडण्यापेक्षा त्रिफळे घालून बांगड्याचे तिखले करा, किंवा तारलीचे पातळ कालवण, आणि सोबतचा भात निम्मा करा. सरबते, शीतपेये आणि चहातली साखर यांचा तर आधी हिशेब घ्या, कारण यकृतात नवी चरबी बनते ती मुख्यतः त्यातूनच.

ट्रायग्लिसराइड २६० आहे, तेव्हा डॉक्टरांकडून मधुमेहाची तपासणी करून घ्या, आणि यकृत किती कडक झाले आहे हे दाखवणारी फायब्रोस्कॅन तपासणी हवी का, हेही त्यांनाच विचारा.