राज्याच्या शिक्षा-मार्गदर्शक आयोगावर कोण असते, आणि केवळ न्यायाधीशच का नसतात?

गुन्ह्यांच्या शिक्षेची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या अमेरिकी राज्यांच्या आयोगांवर कोणाला घेतात, आणि शिक्षा शेवटी न्यायाधीशच सुनावणार असताना हे काम त्यांच्यावरच का सोपवत नाहीत, असे आपण विचारले आहे. मी तालुका न्यायालयात फौजदारी वकिली करतो. या विषयाची गोडी मला मिनेसोटा राज्याच्या आयोगामुळे लागली, म्हणून उत्तर त्याच्याच आधारे देतो.

मिनेसोटाच्या विधिमंडळाने 1978 मध्ये हा आयोग नेमला तेव्हा त्यावर 9 सदस्य होते: राज्याचे मुख्य न्यायाधीश किंवा त्यांचे प्रतिनिधी, दोन जिल्हा न्यायाधीश, आरोपींसाठी सरकारी खर्चाने उभा राहणारा एक बचाव वकील, सरकारतर्फे खटले चालवणारा एक काउंटी ॲटर्नी, तुरुंग खात्याचे आयुक्त, कैद्याची मुदतीआधी सशर्त सुटका, म्हणजे तिथला पॅरोल, ठरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष आणि दोन सामान्य नागरिक. गंमत अशी की, या आयोगाच्या कामामुळे पॅरोलची पद्धतच मोडीत निघायची होती आणि तिच्याच मंडळाचे अध्यक्ष त्या टेबलाशी बसले होते. पुढे सदस्यसंख्या 11 झाली. पॅरोल मंडळाच्या अध्यक्षांची जागा गेली, एक पोलीस अधिकारी आणि एक परिवीक्षा अधिकारी (तुरुंगाबाहेर देखरेखीखाली ठेवलेल्या गुन्हेगारांवर लक्ष ठेवणारा) आले, नागरिकांच्या जागा तीन झाल्या आणि त्यांपैकी एक जागा गंभीर गुन्ह्याची झळ स्वतः सोसलेल्या व्यक्तीसाठी ठेवली गेली.

या अकरा जणांत न्यायपालिकेचे तिघेच असतात. उरलेल्या आठांपैकी तुरुंग आयुक्त गव्हर्नरच्या सरकारातलेच, आणि बाकी सात जणांना गव्हर्नर नेमतो. अध्यक्ष कोण, हेही तोच ठरवतो. (हा गव्हर्नर लोकांनी निवडून दिलेला असतो, आपल्या राज्यपालांसारखा केंद्राने नेमलेला नव्हे.) त्यामुळे कोणत्या जागा आहेत यापेक्षा त्या भरतो कोण, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आमदार मात्र एकही नाही. आयोगाने सुचवलेले बदल विधिमंडळापुढे जातात आणि त्याने कायदा करून अडवले नाहीत तर 1 ऑगस्टपासून लागू होतात, म्हणून आमदारांचा हात तसाही राहतोच. पेनसिल्व्हेनियाने याच्या उलट रचना केली: 11 पैकी 4 जागा आमदारांना, 4 न्यायाधीशांना, आणि गव्हर्नरच्या वाट्याला फक्त 3. तरीही तिथल्या आयोगाचा पहिला मसुदा 1981 मध्ये विधिमंडळाने फेटाळलाच.

आता केवळ न्यायाधीशच का नकोत, याकडे वळतो. आयोगाचे खरे काम म्हणजे एक तक्ता तयार करणे. त्याच्या उभ्या बाजूला गुन्ह्याची तीव्रता असते, आडव्या बाजूला आरोपीचा पूर्वेतिहास, आणि प्रत्येक चौकटीत महिन्यांचा आकडा. जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूप्रकरणी दोषी ठरलेले मिनेसोटातले माजी पोलीस अधिकारी डेरेक शॉविन यांच्या चौकटीत, पूर्वीचा गुन्हा नसल्याने, 150 महिने होते आणि 128 ते 180 ही मुभा होती. न्यायाधीशांनी 25 जून 2021 रोजी कारणे लेखी नोंदवून 270 महिने दिले. म्हणजे चौकट ओलांडता येते, पण का ओलांडली हे सांगावे लागते.

हे आकडे ठरवताना तुरुंगांच्या क्षमतेचा पुरेसा विचार करा, असे कायद्यातच लिहिले होते. पहिल्या आयोगाने ते मनावर घेतले आणि तुरुंग क्षमतेच्या 95 टक्क्यांपलीकडे भरणार नाहीत अशा बेताने तक्ता आखला. एका चौकटीत महिने वाढवायचे तर दुसरीकडे कुठेतरी कमी करावे लागत. सरकारी वकिलाने दरोड्याची शिक्षा वाढवायला सांगितली की तुरुंगात त्यासाठी खाटा कुठून आणायच्या हा प्रश्न निघे, आणि त्याचे उत्तर तुरुंग आयुक्ताखेरीज कोण देणार? नुसत्या न्यायाधीशांच्या आयोगाने, माझ्या मते, आपल्याच सवयींची सरासरी काढून तक्त्यात भरली असती. न्यायाधीश एका वेळी एकच आरोपी पाहतो. त्याच्या हजार निकालांचे ओझे कोठडीत कसे साचते हे त्याच्यासमोर कधी येतच नाही.

आपल्याकडे असा तक्ता नाही. भारतीय न्याय संहितेत पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी सोडली तर साध्या चोरीच्या पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, एवढेच आहे. माझ्याच दोन अशिलांना, दोघांचाही पहिलाच गुन्हा, दोघांनीही मोटारसायकल चोरलेली, वेगवेगळ्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडून एकाला कोठडीत काढलेले दिवस पुरेसे ठरवून सोडले गेले आणि दुसऱ्याला दीड वर्ष मिळाले. दुसऱ्याच्या आईने मला कारण विचारले, तेव्हा निकालपत्रात दाखवण्यासारखी ओळ नव्हती. फौजदारी न्यायव्यवस्थेत सुधारणा सुचवण्यासाठी केंद्र सरकारने नेमलेल्या मलिमथ समितीने 2003 मध्ये अशी वैधानिक समिती सुचवली होती: सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश किंवा उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश अध्यक्ष, आणि सोबत सरकार पक्ष, वकीलवर्ग, पोलीस, समाजशास्त्रज्ञ व महिला यांचे प्रतिनिधी. ती समिती झाली नाहीच. पण तिच्या प्रस्तावित यादीत तुरुंग खात्याचे नाव नव्हते, हे मला तेव्हाही खटकले होते.