मेकॅनिकलची कामं स्प्रिंटमध्ये का मावत नाहीत

प्रश्न असा आहे: मोटरवर चालणारा व्हॉल्व्ह ॲक्च्युएटर (व्हॉल्व्ह उघड-बंद करणारं यंत्र) बनवताय, स्प्रिंट (कामाचा ठरावीक मुदतीचा टप्पा) दोन आठवड्यांचा. फर्मवेअरची (यंत्रातल्या चिपवर चालणाऱ्या कोडची) कामं वेळेत संपतात, मेकॅनिकलची दर वेळी पुढे ढकलली जातात. मग मेकॅनिकलवाल्यांना स्क्रममधून (अशा स्प्रिंटमध्ये काम करण्याच्या पद्धतीतून) वगळावं का?

वगळू नका, कार्डं (बोर्डवरच्या कामाच्या चिठ्ठ्या) बदला. 'हाउसिंग बनवणे', 'पीसीबी (सर्किट बोर्ड) बनवणे' ही कार्डं दोन आठवड्यांत संपणारच नाहीत. पार्ट लावलेला पीसीबी हातात यायलाच बहुतेक वेळा त्याहून जास्त दिवस लागतात, डायची (हाउसिंगच्या साच्याची) तर गोष्टच सोडा. कार्डावर पार्टऐवजी त्या पार्टबद्दलची शंका लिहा. उदाहरणार्थ, 'बराच वेळ बंद राहिलेला व्हॉल्व्ह ही मोटर उघडू शकते का?' त्यासाठी हाउसिंग लागत नाही. व्हॉल्व्ह वाइसमध्ये धरा, स्टेमला (व्हॉल्व्हच्या दांड्याला) टॉर्क रेंच लावा आणि सुटतानाचा टॉर्क (फिरवायला लागणारा जोर) मोजा. फिरतानाचा टॉर्क बराच कमी असतो. तो धरून मोटर निवडली की पुढे फसगत होते.

आधी कुठली शंका घ्यायची? उत्तर उशिरा कळल्यास जी सर्वांत महाग पडेल ती. गिअरबॉक्समधला प्ले (दात्यांमधली मोकळी हालचाल) घ्या. मोटरवर 1000 पल्सचा एन्कोडर (फिरणं मोजणारा सेन्सर), चारपट मोजणीने 4000 काउंट, गिअर 20:1. म्हणजे आउटपुटच्या एका फेरीत 80,000 काउंट, एक काउंट 0.0045 अंशाचा. सिम्युलेटरवर सगळ्या टेस्ट हिरव्या. पण गिअरमध्ये 0.5 अंश प्ले असेल, तर मोटरवरच्या एन्कोडरला तो दिसतच नाही, आणि ±0.2 अंशाची अचूकता कागदावरच राहते.

यावर दोन उपाय आहेत. प्रत्येक पोझिशनला एकाच बाजूने यायचं. हे फर्मवेअरमध्ये भागतं, मात्र स्टेमवरचा भार दिशा बदलत असेल तर टिकत नाही. दुसरा उपाय, आउटपुट शाफ्टच्या टोकाला मॅग्नेट आणि समोर 12 बिटचा मॅग्नेटिक एन्कोडर: 4096 पायऱ्या, एक पायरी 0.088 अंशाची. वेगाचा लूप (वेग मोजून मोटर सावरणारा भाग) मात्र मोटरच्या एन्कोडरवरच ठेवा, नाहीतर प्लेमध्ये मोटर मागेपुढे करत राहते. या सेन्सरला शाफ्टच्या टोकाशी जागा लागते आणि मॅग्नेट ते चिप अंतर डेटाशीटमधल्या मर्यादेत हवं. डायच्या आधी कळलं तर ही ड्रॉइंगमधली दुरुस्ती आहे, नंतर कळलं तर डायच दुरुस्तीला जाते. म्हणून बाजारातला तयार गिअरबॉक्स आणून पहिल्या-दुसऱ्या स्प्रिंटमध्येच डायल इंडिकेटरने प्ले मोजा.

स्प्रिंट सगळ्यांचा एकच ठेवा, पण खरी जोडणी (सगळ्यांचे भाग एकत्र बसवणं) दर तिसऱ्या स्प्रिंटला करा, आणि त्या तारखेपासून उलटं मोजत व्हेंडरच्या ऑर्डरच्या तारखा बॅकलॉगमध्ये (बाकी कामांच्या यादीत) टाका. ऑर्डर चुकली की जोडणी चुकलीच. जोडणीपर्यंत फर्मवेअरला इव्हॅल्युएशन बोर्ड (चिप तपासायचा तयार बोर्ड) आणि टेबलावर बोल्ट केलेली मोटर पुरते.

कनेक्टरचे पिन, माउंटिंग होल, व्होल्टेज, करंट आणि सिग्नलच्या पातळ्या हे सगळं एका पानावर लिहा. ते पान बदलायचं तर मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि फर्मवेअर तिघांची संमती हवी. वायरिंगही त्याच पानावर घ्या. मोटरच्या आणि एन्कोडरच्या वायरी एकाच बंडलमध्ये बांधल्या की पीडब्ल्यूएममुळे (मोटरचा पुरवठा झपाट्याने चालू-बंद केल्यामुळे) काउंट उड्या मारतात, आणि टीम आठवडाभर कोडमध्ये बग शोधत बसते. वायरी वेगळ्या न्या. लांबी जास्त असेल तर डिफरेन्शियल आउटपुटचा (प्रत्येक सिग्नल सुलट-उलट जोडीने पाठवणारा) एन्कोडर घ्या.

डायची ऑर्डर मशीन केलेल्या ॲल्युमिनियम हाउसिंगवर टॉर्क, प्ले आणि तापमान तिन्ही पास झाल्यावरच द्या. तापमान मोजताना झाकण लावलेलं असू द्या.